पडद्याच्या अलीकडे

श्रीलंकेतील मधूमातेच्या यात्रेचे वर्णन लिहून द्यावे, असा संपादकांचा निरोप येऊन बरेच महिने लोटले. धर्मग्रामातील तेवीस भाविकांना घेऊन मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथे जाऊन आलो, हे त्यांच्या कानावर गेले होते. लिहिण्यास मी दोन-तीनदा बसलो आणि प्रत्येक वेळी पहिल्याच पानावर लेखणी अडली. यात्रेची सुरुवात जेथून होते तेथे, म्हणजे मुंबई ते कोलंबो या अडीच तासांच्या विमानप्रवासात, असे काही घडले की ते ओलांडून मधूपर्यंत जाणे मला जमेना. तेव्हा ते आधी लिहून मोकळे व्हावे, असे ठरविले आहे. यात्रेचे वर्णन पुन्हा केव्हातरी.

आमच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे) कांदा आणि ऊस पिकविणाऱ्या माणसांना श्रीलंका कशी सुचली, असे कोणी विचारील. तिचे मूळ आमच्या एका जुन्या फादरांपाशी आहे. मी लहान असताना आमच्या गावी असलेले हे धर्मगुरू कँडीला शिकलेले होते. पोप तेरावे लिओ यांनी भारतातील धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी १८९३ मध्ये कँडीजवळ अंपिटिया येथे पेपल सेमिनरी स्थापन केली. १९५५ मध्ये ती पुण्याला, नगर रस्त्यावर रामवाडीला आली. त्यामुळे माझ्या पिढीचे आम्ही एस.टी.ने तीन-चार तासांत सेमिनरीत पोहोचत असू. जुन्या फादरांना मात्र त्याच विद्येसाठी समुद्र ओलांडावा लागला. ते श्रीरामपूरहून, म्हणजे बेलापूर नावाच्या स्टेशनावरून, तिसऱ्या वर्गाने निघत. दौंडला गाडी बदलायची. मद्रासला सेंट्रल स्टेशनावर उतरून ट्रंक डोक्यावर घेऊन एग्मोर गाठायचे. तेथून अरुंद रुळांवरची बोट मेल धनुष्कोडीपर्यंत, पुढे आगबोट, पलीकडे तलैमन्नार, तेथून पुन्हा रेल्वे, आणि पोलगहवेला जंक्शनवर कँडीची गाडी. आईने दिलेल्या भाकरी पहिले दोन दिवस पुरत, पुढे गूळ-फुटाणे. १९६४ च्या डिसेंबरातील वादळाने धनुष्कोडी धुऊन नेली, प्रवाशांनी भरलेली गाडीसुद्धा समुद्राने गिळली. ती बातमी आली त्या दिवशी फादर जेवले नव्हते, असे माझी आई सांगत असे.

धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही कंटाळलो की फादर ही आगबोट काढीत. वरच्या मजल्यावर साहेब आणि मळ्यांचे मालक. खाली आम्ही आणि चहाच्या मळ्यांवर निघालेली तमिळ माणसे, कोंबड्या, मडकी आणि रडणारी पोरे. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना मंडपमच्या छावणीत तपासणीसाठी अडवून ठेवीत, तेही ते सांगत. आपण खाली बसलो म्हणून आपल्याला चार शब्द तमिळ आले, असे म्हणून ते आम्हांला तमिळमध्ये एक ते दहा म्हणून दाखवीत. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली.

ही आगबोट ऐकणाऱ्यांत एक आमच्या मावशी होत्या. साऱ्या धर्मग्रामाच्या त्या मावशीच आहेत, म्हणून येथेही मी तेवढेच म्हणतो. त्यांचे लग्न या फादरांनी लावले. पुढे वैधव्य आले, तीन मुले वाढविली, आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी-लावणीत गेले. मुंबईपलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. “फादरांची कँडी एकदा डोळ्यांनी बघायची” हे त्यांनीच प्रथम काढले आणि त्यातून ही यात्रा उभी राहिली. धाकट्या मुलाने निम्मे पैसे दिले. उरलेले त्यांनी खुरपणीच्या मजुरीतून तीन वर्षे बाजूला टाकले. हा हिशेब मला माहीत होता, कारण ते पैसे माझ्याच कपाटात ठेवलेले होते.

आमच्या जिल्ह्यात काकडीला २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ आहे, पण तेथून परदेशी जाणारे विमान नाही. म्हणून भाड्याच्या बसने रात्रभर प्रवास करून आम्ही मुंबईला पोहोचलो. गटातील माणसांना मी दुरून दिसावे म्हणून मी पांढरा झगा घातला होता. एरवी प्रवासात मी तो घालीत नाही. खिडकीवरची मुलगी वसईकडची असावी; गळ्यात बारीक साखळीत क्रूस होता. सर्वांचे पासपोर्ट पाहून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “फादर, मागे जागा कमी पडताहेत. तुमच्यातल्या एकाला पुढे बिझनेस क्लासमध्ये बसवावं लागेल. जादा पैसे नाहीत. तुम्हीच जा.”

मी “नको, नको” म्हणालो. जेवताना दुसरी पोळी वाढू लागले की आपण म्हणतो, तसे. मागे उभ्या असलेल्या आमच्या मास्तरांनी टाळीच वाजविली. “फादर, जा! आमच्या वतीनं जा!” बायका हसू लागल्या. मावशी काठीवर भार देऊन उभ्या होत्या. रात्रभर बसमध्ये पाय खाली सोडून बसल्यामुळे त्यांचे घोटे सुजले होते आणि गुडघ्यांनी तर वर्षभरापूर्वीच संप पुकारला होता. पुढची रुंद जागा त्यांना द्यावी, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. तो आला. मावशींना इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. एकट्या पुढे बसल्या तर गांगरतील, असे मी स्वतःला सांगितले. शिवाय नियमांत बसत नसेल, असेही सांगितले. त्या मुलीला विचारले मात्र नाही. तिकीट अजून छापायचे होते. विचारले असते तर बहुधा जमले असते.

पुढचे अडीच तास मला फार आवडले, हे येथे स्वच्छ कबूल करतो. कारण या विषयावर धर्मगुरू लिहू लागला की ऐश्वर्याने आपला जीव कसा गुदमरला असे लिहितो, आणि वाचकाला ते खरे वाटत नाही. माझा जीव मुळीच गुदमरला नाही. डाव्या बाजूला दोन आणि उजव्या बाजूला दोन अशी रुंद आसने; पाय लांब केले तरी समोरच्या पाठीला लागत नव्हते. बसताक्षणी ऊन ओला रुमाल आला, त्याला लिंबाचा मंद सुगंध होता. मग फळांचा रस, तोही काचेच्या पेल्यात. विमानसेविका वाकून, माझ्या आडनावापुढे ‘फादर’ लावून बोलत होती. जेवणाच्या वेळी तिने समोर पांढरे इस्त्रीचे कापड अंथरले, त्यावर चिनी मातीची बशी आणि धातूचे जड काटे-चमचे ठेवले. लोहगावचा विमानतळ सेमिनरीपासून जवळ असल्याने विमाने आमच्या डोक्यावरून जात. तत्त्वज्ञानाचा तास चालू असताना प्राध्यापकांचे वाक्य त्या घरघरीत बुडे आणि आम्ही खिडकीतून वर पाहत असू. ज्यांच्याकडे मान वर करून पाहिले त्यांपैकी एकात, तेही पुढच्या भागात, आपण बसलो आहोत याचा मला अगदी पोरकट आनंद झाला.

हा मधला वर्ग फार जुना नाही. पूर्वी विमानात पहिला वर्ग आणि साधा वर्ग असे दोनच असत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, पूर्ण भाडे भरून कामासाठी हिंडणाऱ्या व्यापारी मंडळींना सवलतीच्या तिकिटांवरील सहलवाल्यांपासून वेगळे बसविण्याकरिता तो निघाला. लांबच्या प्रवासात रात्री आडवे होऊन झोपता येते, त्यामुळे त्याला काही अर्थ तरी असतो. पण अडीच तासांच्या प्रवासात माणसाला असे काय मिळते? युरोपातील काही कंपन्या तर जवळच्या प्रवासाला जागाही तीच ठेवतात. तिघांच्या रांगेतील मधले आसन तेवढे रिकामे सोडतात आणि तिकिटे कमी-जास्त खपतील तसा पडदा मागे-पुढे सरकवितात. म्हणजे काल ज्या रांगेत साधी माणसे बसली, तीच रांग आज पडद्यापुढे असते. आमच्या विमानात आसने खरोखरच वेगळी होती. तरीही ज्याला मोल होते ती वस्तू म्हणजे तो पडदाच, असे मला आता वाटते. निळसर, हलका, साध्या कापडाचा. प्रवचनकाराला पडदा म्हटला की मंदिरातला दुभंगलेला पडदा आठवलाच पाहिजे. पण खरे सांगायचे तर मला त्या वेळी तसले काहीही आठवले नाही. मी प्रार्थनाग्रंथ उघडून मांडीवर ठेवला होता आणि खिडकीतून गोव्याचा किनारा दिसतो का ते पाहत होतो.

त्या किनाऱ्यावर बाणावलीला १६५१ मध्ये संत जोसेफ वाझ जन्मले. सिलोनवर डचांचा अंमल होता, कॅथलिक धर्मगुरूला तेथे बंदी होती, लोक वर्षानुवर्षे मिस्सावाचून होते. हे ऐकून हा गोव्याचा धर्मगुरू दक्षिणेकडे निघाला, तुतिकोरीनला पोहोचला आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, एका सेवकाला बरोबर घेऊन, लंकेच्या किनाऱ्यावर उतरला. उतरताच हगवणीने मरता मरता वाचला. पुढे कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले. देवीची साथ आली तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकले त्यांची शुश्रूषा त्यांनी केली. आणि १७११ मध्ये ते कँडीतच वारले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनारी त्यांना संतपद दिले. हे सारे मी बसमध्ये माइक हातात घेऊन माझ्या माणसांना रंगवून सांगितले होते. मजुराच्या वेषाचा भाग तर विशेष रंगला होता.

जेवण वाढून झाले होते. माझे आसन शेवटच्या रांगेत, वाटेच्या बाजूला होते. पडदा माझ्या पाठीमागे दोन हातांवर. तेवढ्यात त्यापलीकडून आवाज आला.

“बाई, आमचं फादर म्होरं हायेत. त्यांची भाकर माझ्यापाशी ऱ्हायली.”

सेविकेने इंग्रजीत आणि मग हिंदीत काही सांगितले. स्वर अतिशय नम्र होता. त्या मुलीचा यात काही दोष नाही, तिला तिचे काम होते. मावशींना ते समजले नसावे. त्या पुन्हा म्हणाल्या, “त्यांना बाहेरचं सोसत न्हाई. नुसतं देती अन् जाती माघारी.”

हे खरे होते. मला पोटाचा जुना विकार आहे. धर्मग्रामात कोठेही जेवण असले तरी माझ्यापुरती बिनतिखटाची भाजी आणि ज्वारीची भाकरी कोणीतरी करून आणते. पहाटे निघताना त्यांनी ती केली होती. बसमध्ये मी झोपलो होतो, विमानतळावर धांदल होती. द्यायची राहून गेली होती.

मला फक्त उठायचे होते. पट्टा सोडायचा, दोन पावले मागे जायचे, पडदा सारायचा. शेजारचे गृहस्थ काटा-चमचा थांबवून आवाजाच्या दिशेने पाहू लागले होते. माझ्यासमोर पांढरे कापड होते, त्यावर अर्धे संपलेले ते जेवण, मला न सोसणारे. मी पाठ मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फार तर अर्धा मिनिट. पडदा सरकल्याची कडी वाजली. कोणीतरी वाकून माझ्याकडे पाहिल्याची चाहूल लागली. मग मावशींचा दबका आवाज आला, “निजल्यात. नका उठवू,” आणि काठीचा आवाज मागे मागे गेला. काही वेळाने मी डोळे उघडले तेव्हा हातरुमालात बांधलेले गाठोडे माझ्या पायाशी, पिशवीजवळ ठेवलेले होते. सेविका म्हणाली, “मागच्या बाईंनी दिलं.” मी तिचे आभार मानले. समोरची गोड वस्तूही संपविली. गाठोडे पिशवीत टाकले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये पवित्र आठवड्यात धर्मगुरूंना सांगितले की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. त्या वाक्यावर मी तीन वेळा तरी प्रवचन केले आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. धनगरांचे वाडे शेतात उतरले की तो वास अर्ध्या गावाला येतो. त्यांच्या घोंगड्यांना तो पावसाळाभर सोडीत नाही. माझ्या हातांना त्या वेळी लिंबाचा वास येत होता.

उतरताना नेगोंबोची खाडी दिसली, नारळीची बने दिसली, आणि मनात एक निराळाच विचार घोळू लागला. पडद्याच्या अलीकडे मी आज प्रथम बसलो असे मला वाटले होते. ते खरे नव्हते. गुरुदीक्षा झाली त्या दिवसापासून मी पडद्याच्या अलीकडेच आहे. आमच्या वाड्या-वस्त्यांवर मी एखाद्या घरी गेलो की आधी खुर्ची शोधली जाते. घरात नसली तर शेजारून आणतात, तिच्यावर टॉवेल अंथरतात. पाण्याचा पेला ताटलीत ठेवून येतो. अलीकडे तर माझ्यासाठी दुकानातून बाटली आणतात आणि घरचे माठातले पितात. मी एकटा जेवतो, घर उभे राहून पाहते. मी उठल्यावर पुरुष बसतात, मग मुले, आणि बाया सर्वांत शेवटी, उरले असेल ते. माझी स्वतःची आई, जिने मला वळ उठेपर्यंत बडविले होते, गुरुदीक्षेच्या दिवशी माझ्या हातांचे चुंबन घेतल्यापासून मला ‘अहो फादर’ म्हणू लागली आणि मरेपर्यंत तिने मला पुन्हा ‘अरे’ म्हटले नाही. पहिल्या वर्षी मला त्याचे वाईट वाटले. पुढे सवय झाली. सवय झाली हे कधी झाले, तो दिवस मला आठवत नाही.

आणि हे आमच्या लोकांत व्हावे! ज्यांना गावच्या पंगतीत जागा नव्हती, चावडीपुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागत, त्यांचेच आम्ही नातू-पणतू. १८७८ पासून जर्मन जेज्वीट फादर केंदळच्या बाजूला आले, पुढे वळण, संगमनेर असे पसरत गेले. माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. फादरांनी काय उपदेश केला ते त्यांना आठवत नव्हते. फादर आले, आपल्या घोंगडीवर बसले आणि आपल्या मडक्यातले पाणी मागून प्याले, एवढेच आठवत होते. सगळी वस्ती म्हणे ते पाणी गळ्याखाली उतरेपर्यंत बघत उभी होती. लोकांनी मला खुर्ची दिली ती प्रेमाने दिली, हे मला माहीत आहे. कोणाला कमी लेखण्यासाठी दिली नाही. पण घेणारा मी आहे. देणाऱ्याचे प्रेम आणि घेणाऱ्याची सवय यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

त्या रात्री नेगोंबोच्या विश्रामगृहात मी ते गाठोडे उघडले. भाकरी वाळून कडक झाली होती, भाजीला किंचित आंबूस वास येत होता. भाजी टाकली. भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली.

यात्रेविषयी येथे थोडेच. नेगोंबोजवळच्या कटुवापिटियाला आणि कोलंबोतील कोच्चिकडे येथे आम्ही गेलो. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरच्या दिवशी या दोन्ही चर्चमध्ये मिस्सासाठी आलेल्या माणसांत बॉम्ब फुटले होते. तेथे आमच्यातले कोणी फारसे बोलले नाही. अंपिटियाला जुन्या सेमिनरीच्या इमारतीत आता श्रीलंकेचे स्वतःचे गुरुविद्यालय आहे. मावशींनी तिच्या भिंतीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मधूला १५ ऑगस्टच्या सणासाठी रानात राहुट्या पडल्या होत्या. तमिळ आणि सिंहली माणसे चुली पेटवून शेजारी शेजारी बसलेली. डचांच्या छळातून वाचविण्यासाठी मांतई येथील ख्रिस्ती कुटुंबांनी ही मातेची मूर्ती याच रानात आणली होती, आणि २००९ मध्ये संपलेल्या युद्धातही हेच ठिकाण हजारोंचा आसरा होते. तेथे खुर्च्या नव्हत्याच. तीन दिवस मी इतरांप्रमाणे भुईवर बसलो आणि मला ते अजिबात जड गेले नाही, हेही लिहून ठेवतो, कारण सोपे होते तेव्हा मी ते केले.

परतीच्या विमानात मला मागेच जागा मिळाली, मावशींच्या शेजारी. त्यांचे गुडघे पुढच्या आसनाला घासत होते. सांगावे असे चारदा ओठांवर आले. त्याच म्हणाल्या, “जाताना तुमी निजला व्हता, फादर. बरं झालं. रातभर जागं व्हता.” मी “हो” म्हणालो. तोंडातून गेला तो शब्द.

सप्टेंबरच्या ८ तारखेला रविवार होता. पवित्र मरियेचा जन्मदिन. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची तयारी सगळीकडे चाललेली. पण आमच्याकडे वाचने सामान्य काळातील तेविसाव्या रविवारची झाली. दुसरे वाचन काय आहे हे मी शनिवारी रात्री पाहिले आणि दिवा मालवून बराच वेळ तसाच बसलो. संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य येतो आणि मळक्या कपड्यांतला दुसरा येतो. पहिल्याला मानाची जागा देता आणि दुसऱ्याला उभे राहा किंवा पायाशी बस म्हणता, हे काय, असे याकोब विचारतो. सकाळी ते वाचन मावशींच्या नातवाने केले. आठवीतला मुलगा, एकेक शब्द ठणठणीत. मावशी पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. मी प्रवचनाला उभा राहिलो आणि पुढाऱ्यांविषयी बोललो. लग्नातल्या मानपानाविषयी बोललो, आहेराविषयी बोललो. प्रवचन चांगले झाले, असे मास्तर नंतर म्हणाले.

दुपारी मावशींच्या घरी गेलो. मला पाहताच नातू खुर्ची आणायला पळाला. मी दारातल्या पोत्यावर बसलो.

“अवं फादर, खाली नका बसू. लोक काय म्हंतील?”

“मावशी, एक सांगायला आलोय. त्या दिवशी विमानात मी झोपलो नव्हतो. तुमचा आवाज ऐकला होता. मुद्दाम डोळे मिटले होते.”

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. फुंकणी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावलेल्या दिसल्या नाहीत, आश्चर्य वाटलेलेही दिसले नाही.

“मला ठावं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तीन पोरं वाढवली म्या. निजल्यालं लेकरू अन् सोंग घेतल्यालं लेकरू मला कळंना व्हय?”

“मग उठवलं का नाही?”

“त्या मानसापुढं?” एवढेच त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने विचारले, “भाकर खाल्ली का टाकली?”

“खाल्ली. रात्री. भाजी नासली होती.”

“नासनारच. वांग्याची व्हती.” त्यांनी चहा दोन पितळ्यांत ओतला, एक मला दिली, एक स्वतः घेतली. माझ्यादेखत त्या कधी काही खात-पीत नसत. नातवाने आणलेली खुर्ची आमच्या मध्ये रिकामी उभी होती. आधी त्याने मला खूण केली, मग आजीला. कोणीच उठत नाही असे पाहून त्याने आपले दप्तर तिच्यावर ठेवले आणि तो खेळायला गेला.